पियानो कोण लावतं?

आपल्याकडे तानपुरा कोण लावतं? गाणारा स्वतः, नाहीतर मागे बसलेला शिष्य. तारा असतात चार-पाच. पियानोत मात्र सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १५-२० टनांच्या घरात जातो. हवेतली दमट वाढली की आतली लाकडी फळी फुगते, कोरडी पडली की आकसते आणि स्वर हलतात. वाजवणाऱ्याला हे सगळं सांभाळणं झेपत नाही. त्यामुळे पियानो युरोपात घराघरांत शिरला, तसा तो लावणारा वेगळा कारागीरही लागू लागला. या धंद्यात अंध माणसं कशी आली, ते आज पाहू.

पॅरिसमध्ये अंध मुलांची एक सरकारी शाळा होती. लुई ब्रेल तिथलाच. त्याच शाळेत क्लोद माँताल नावाचा, १८०० साली जन्मलेला विद्यार्थी होता. बाहेरून येणाऱ्या ट्यूनरचं काम त्याला पटेना. तो आणि त्याचा मित्र स्वतःच पियानो लावू लागले. ट्यूनरने तक्रार केली, संचालकांनी बंदी घातली. मग या दोघांनी एक जुना पियानो मिळवला, पूर्ण सुटा केला आणि चाचपून पुन्हा जोडला! ते पाहिल्यावर शाळेने आपले पियानो त्यांच्याच हाती सोपवले.

आता हे काम नेमकं काय, ते पाहू. मधल्या पट्टीत एकेका स्वराला तीन तारा असतात. त्यांतल्या दोन दाबून धरायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. दोन तारांत किंचित फरक असेल तर आवाजात 'वँव-वँव' अशी लहर उठते. ती विरली की तारा मिळाल्या. पंचम मात्र मुद्दाम जरासा उतरता ठेवतात, तेव्हा तिथली लहर मोजावी लागते. म्हणजे बघा, मुख्य भिस्त कानावर आणि बोटांवरच!

तरीही १८३० मध्ये माँताल शाळेबाहेर पडला, तेव्हा लोक बिचकत. महागडं वाद्य आंधळ्याच्या हाती कसं द्यायचं? एक-एक गिऱ्हाईक त्याला कामाने जिंकावं लागलं. १८३६ मध्ये त्याने पियानो लावण्यावर पुस्तक लिहिलं, पुढे स्वतःचे पियानोही बनवले. १८७२ मध्ये लंडनला अंधांसाठी संगीताचं जे कॉलेज निघालं, तिथेही ट्यूनिंग शिकवलं गेलं. कित्येकांचं पोट त्यावर चाललं.

आज फोनवरचं ॲपही तारेचा स्वर सांगतं. पण खुंटी किती पिळायची आणि तार कुठे स्थिरावेल, हे अजून हातालाच कळतं.