एका वेळी एकच अँटेना : स्पेशियल मॉड्युलेशनवर भाष्य

मेस्लेह, हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘स्पेशियल मॉड्युलेशन’ या नावाने सविस्तर मांडलेल्या तंत्राचे सार चार ओळींत बांधून त्यावर हे भाष्य करत आहे.

ओळ १ : एका क्षणी एकच अँटेना बोलावी.
‘एकच’ हा शब्द कळीचा. नेहमीच्या बहुअँटेना पद्धतीत सगळ्या अँटेना एकदम बोलतात. त्यांचे संकेत रिसीव्हरपाशी एकमेकांत मिसळतात, शिवाय प्रत्येक अँटेनामागे ॲम्प्लिफायरसह स्वतंत्र आरएफ साखळी, म्हणजे संदेश रेडिओलहरीवर चढवणारी उपकरणे, लागते. येथे एक साखळी आणि एक चपळ स्विच पुरतो.

ओळ २ : कोणती बोलली, हाही संदेशच.
चार अँटेना आणि क्यूपीएसके, म्हणजे लहरीच्या चार फेजांपैकी एक निवडून दोन बिट पाठवण्याची पद्धत, घेऊ. पाठवायचे बिट १०११. पहिले दोन बिट अँटेना निवडतात : ०० म्हणजे पहिली, ०१ दुसरी, १० तिसरी, ११ चौथी. म्हणजे येथे तिसरी बोलणार. उरलेले ११ तिच्या लहरीची फेज ठरवतात. हवेत एकच चिन्ह गेले, पोचले मात्र चार बिट. बाकी तिघींचे मौनही कामी आले.

ओळ ३ : वाट ओळखीची, तर घर ओळखता येते.
शंका : संकेतावर अँटेनाचे नाव नसते, मग रिसीव्हरला तिसरी कशी कळावी?
समाधान : नाव वाट लिहिते. भिंतींवर, इमारतींवर आपटत येताना प्रत्येक अँटेनाच्या लहरीवर वेगळा ठसा उमटतो. रिसीव्हरला ठाऊक असलेल्या पायलट संकेतांवरून तो हे ठसे आधीच मोजून ठेवतो. मग चार अँटेना गुणिले चार फेज, अशा १६ शक्यतांतून आलेल्या संकेताला सर्वांत जवळची निवडतो. वाटा सारख्याच असतील तर ओळख पुसट होते. म्हणून एरवी त्रासदायक वाटणारी परावर्तने येथे आधार ठरतात.

ओळ ४ : अँटेना दुप्पट, बिट एकच जास्त.
चार अँटेनांच्या निवडीतून २ बिट मिळतात, आठांतून ३, सोळांतून ४. आठही अँटेना एकदम वेगवेगळे बोलल्या तर क्यूपीएसकेने १६ बिट जातात, येथे ५. ही किंमत लपवू नये. केवळ वेग मोजला तर हे तंत्र मागे पडते. पण प्रत्येक जादा साखळी वीज खाते, जागा अडवते, खर्च वाढवते. तो हिशेब मांडला, की पहिल्या ओळीतल्या ‘एकच’चे मोल ध्यानात येते.