आंबोलीच्या भेकाला नाव कसे मिळाले?

मेअखेर वळवाचा पाऊस झाला की आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर जागोजागी उथळ डबकी साचतात. त्यांच्या काठी लहान भेक जमतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळी, वाघाची आठवण करून देणारी नक्षी. अंडी त्या डबक्यातच घातली जातात. पुढचा पाऊस लांबला तर डबके आटते आणि अंडीही वाळून जातात.

आंबोलीकरांना हा प्राणी परिचयाचा असला, तरी विज्ञानात त्याला स्वतंत्र नाव मिळाले ते २००९ साली. ही कथा दोन वेगळ्या वाटांवरून सुरू होते.

१९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सजीवांचे गुणधर्म डीएनएच्या रेणूत कसे साठवले जातात, हा या शास्त्राचा प्रश्न. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, सोमण यांनी कोयनेच्या परिसरातील एका भेकाचे वर्णन करून त्याला ‘ब्युफो कोयनायेन्सिस’ हे नाव दिले. तेव्हा जगातील बहुतेक भेक ‘ब्युफो’ या एकाच प्रजातीत घालत. त्वचेवरच्या गाठी, ग्रंथी, बोटांमधील पडदा हीच ओळखीची साधने होती. डीएनए आणि सह्याद्रीतला भेक यांची गाठ पडायला अजून अवकाश होता.

ती कशी पडते, हे समजण्यासाठी आम्हा रेणवीय जीवशास्त्रज्ञांचा दिवस पाहू. नळीत अल्कोहोलमध्ये बुडालेला, तांदळाच्या दाण्याएवढा ऊतीचा तुकडा असतो. विकराने प्रथिने पचवून त्यातील डीएनए वेगळा करायचा. मग हवा तो भाग यंत्रात वाढवायचा. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात, सुमारे ५० अंशांना छोटे आरंभक धागे त्यांना चिकटतात आणि ७२ अंशांना विकर नवा धागा विणतो. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. ३० फेऱ्यांनंतर, हिशेबाने, एका रेणूच्या १०७ कोटी प्रती!

एका नळीत आम्ही डीएनएऐवजी नुसते पाणी घालतो. त्या नळीतही प्रती आढळल्या, तर कोठून तरी परका डीएनए शिरला असे समजून सगळे काम पुन्हा करायचे. असे दिवस आमच्या वाट्याला अनेकदा येतात. बरोबर आलेल्या प्रतींची अक्षरे वाचून निरनिराळ्या प्राण्यांशी जुळवली जातात. त्यातून वंशवृक्ष उभा राहतो.

याच पद्धतीने एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की कोयनेचा व आंबोलीचा भेक हे एकमेकांचे सख्खे नातलग असून इतर भेकांपासून निराळे आहेत. दोघांसाठी ‘झँथोफ्रायनी’ ही नवी प्रजाती निर्माण झाली. ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्रायनी म्हणजे भेक. आंबोलीचा भेक मात्र स्वतंत्र जातीचा ठरला: ‘झँथोफ्रायनी टायगरिना’.

नावाने काय साधले? एखादा प्राणी सर्वत्र आढळणाऱ्या जातीपैकी असेल, तर एक सडा सपाट झाला तरी जात उरते. पण ज्या जातीचे घर आंबोलीच्या परिसरापुरते आहे, तिच्यासाठी सडा जाणे म्हणजे जवळजवळ सर्वस्व जाणे. म्हणूनच जागतिक लाल यादीत या भेकाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. डीएनएची अक्षरे संगणकात सुरक्षित राहतील. पण त्या अक्षरांपासून भेक पुन्हा घडवण्याची युक्ती आमच्याकडे नाही.

शिक्षकमित्रांनो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही बरणीत बेडूक असेल. तो बहुधा फॉर्मॅलिनमध्ये असतो. फॉर्मॅलिनने शरीर टिकते, पण डीएनए खराब होतो. म्हणून आम्हाला अल्कोहोल लागते. मात्र दोन्ही बरण्यांना एक गोष्ट सारखीच हवी: कोठे आणि केव्हा मिळाला हे लिहिलेली चिठ्ठी. ती नसेल तर आमचे सर्वांत महागडे यंत्रही त्या प्राण्याचे गाव सांगू शकत नाही. विद्यार्थ्यांसह आंबोलीला गेलात, तर भेक हातात घेऊ नका, डबक्यात पाय टाकू नका. वहीत जागा, तारीख आणि पाऊस एवढे लिहा. आमच्या प्रयोगशाळेतील कामाची सुरुवातही अशाच एका वहीतून होते.