तारेखालचा लोहचुंबक

सतारवादक नखीचा आघात तारेवर नेमका कोठे करतो, याकडे मैफलीत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घोडीच्या अगदी जवळ आघात झाला, तर स्वर पातळ व धारदार निघतो. हात दांडीकडे सरकला, की तोच स्वर भरदार आणि मऊ होतो. तार तीच, हात तोच. बदलते ती केवळ जागा. विजेच्या गिटारच्या इतिहासात तर या जागेच्या प्रश्नाला विलक्षण महत्त्व आले. तेथे प्रश्न केवळ आघात कोठे करावा एवढाच राहिला नाही; तारेचे कंपन कोठे टिपावे, हाही झाला. टिपण्याचे हे काम करतो तो तारेजवळ बसविलेला एक लोहचुंबक व त्यासोबतचे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. या जोडीलाच पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली, की चुंबकाचे क्षेत्र हेलावते, वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो मोठा होऊन ध्वनिक्षेपकातून ऐकू येतो.

या शोधामागे आरंभी नादमाधुर्याचा विचार नव्हता. गरज होती ती मोठ्या आवाजाची. अमेरिकेतील नृत्यगृहांच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन व ट्रंपेट यांच्या गदारोळात बिचारी गिटार बुडून जाई. लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बोशँ हे गिटार मांडीवर आडवी ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीने वाजवीत. पॉल बार्थ यांच्या साहाय्याने त्यांनी अनेक खटपटी केल्या आणि १९३१ मध्ये एक लाकडी नमुना सिद्ध झाला. वाटोळे अंग व लांब दांडी यांमुळे लोक त्याला ‘तळणीचा तवा’ म्हणू लागले. घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक त्याच्या तारांवरून कमानीप्रमाणे वळविलेले होते. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ पासून तो ॲल्युमिनियममध्ये तयार होऊन विकला जाऊ लागला. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले यांची जी विजेची हवाईयन गिटार गाजली, ती याच कुळातली.

बोशँ यांनी १९३४ मध्ये एकस्वाधिकारासाठी अर्ज केला. पण हे यंत्र खरोखर चालते काय, याचीच परीक्षकांना शंका आली. अखेर सोल हूपी आदी हवाईयन वादकांना वॉशिंग्टनला पाठवून कचेरीतच वादन करवावे लागले. कायद्याच्या कागदपत्रांपुढे प्रत्यक्ष संगीताने साक्ष द्यावी, असे प्रसंग विरळाच! अधिकार मिळाला तो १९३७ च्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत इतर कंपन्या आपापल्या विजेच्या गिटारी घेऊन बाजारात उतरल्या होत्या. बोशँ १९४१ मध्ये निवर्तले.

या प्रतिस्पर्ध्यांत गिब्सन ही कंपनी प्रमुख होती. तिच्या १९३६ च्या ‘ईएस-१५०’ या गिटारचा पिकअप दांडीच्या टोकापाशी बसविलेला होता. तेथे तारेची हालचाल मोठी असते, म्हणून मूळ स्वर ठसठशीत उमटतो. घोडीपाशी तार जखडलेली असल्याने हालचाल अल्प. तेथे मूळ स्वर दुबळा पडतो आणि त्यासोबत उठणाऱ्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या उपस्वरांना वाव मिळतो. चार्ली ख्रिश्चन हा तरुण कृष्णवर्णीय वादक १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात आला, तो हीच गिटार घेऊन. तिच्या गोल, भरीव स्वरात त्याने सॅक्सोफोनशी बरोबरी करणारे एकल वादन केले. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. त्या पिकअपला मात्र आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

दुसरे टोक गाठले लिओ फेंडर यांनी. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते, आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार विक्रीस काढली; तीच पुढे टेलिकॅस्टर नावाने प्रसिद्ध झाली. तिचा एक पिकअप घोडीच्याच पोलादी पत्र्यात आणि तोही तिरका बसविला होता. जाड तारांकडची बाजू घोडीपासून थोडी दूर, बारीक तारांकडची निकट. त्यायोगे खर्जाला थोडा भरीवपणा येई व वरचे स्वर लखलखीत होत. १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टरला तीन पिकअप आले. तिच्या रचनेत फ्रेडी टव्हारेस हे हवाई बेटांत जन्मलेले वादक सहभागी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिचा दांडीकडील पिकअप मोकळ्या तारेच्या सुमारे चतुर्थांश लांबीवर येतो. चौथ्या उपस्वराचा हा स्थिर बिंदू. म्हणून या जागेला काहीजण जादूची जागा मानतात. परंतु पडद्यावर बोट पडताच तारेची लांबी बदलते आणि तो बिंदूही सरकतो, याचा त्यांना विसर पडतो.

एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये एक खोड होती. वीजवाहिन्यांतील गुणगुण तो तारेच्या स्वराइतक्याच इमानाने टिपतो. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडली आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही परस्परविरुद्ध ठेवले. गुणगुण एकमेकींत विरली, तारेचा स्वर मात्र दुणावला. १९५५ मध्ये अर्ज झाला, १९५७ पासून हे ‘हमबकर’ गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले आणि १९५९ मध्ये एकस्वाधिकार मिळाला. गुणगुण गेली, पण तिच्याबरोबर थोडी झळाळीही गेली; कारण रुंद पिकअप तारेच्या दोन शेजारच्या जागा एकदम टिपतो आणि काही उंच उपस्वर त्यात आपसांत कटतात. हा नुकसानीचा सौदा होता असे म्हणवत नाही. त्या जाड, मऊ स्वराचेही भक्त पुढे असंख्य झाले.

तीन पिकअपांच्या स्ट्रॅटोकॅस्टरचे निवडीचे बटन तीनच घरांचे होते. एका वेळी एकच पिकअप वाजावा, अशी योजना होती. वादकांनी ते दोन घरांच्या मधोमध अडकवून पाहिले. दोन शेजारी पिकअप एकदम बोलू लागले आणि काही उपस्वर गळून एक पोकळ, किंचित नाकातला स्वर निघाला. त्याची योजना कोणी केलेली नव्हती, तरी वादकांना तो सोडवेना. लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला विकली. पुढे १९७७ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टरला पाच घरांचे बटन आले आणि ते मधोमध अडकविण्याची गरज संपली.