पारधी वस्त्या (शिरूर व दौंड तालुके, जि. पुणे)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात, गावांच्या व नगरपालिकांच्या कडेला, बहुधा गायरानावर किंवा सरकारी पडीक जमिनीवर वसलेली पारध्यांची घरे. कुडाच्या भिंती व वर ताडपत्री ही जुनी घडण. आता पत्र्याच्या खोल्याही आढळतात. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे जमिनींचे भाव वाढले आणि अशा जागांवर टिकून राहणे अधिक अवघड झाले.

इतिहास : १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यालाही लागू झाला व पारधी त्याच्या कक्षेत आले. नोंदणी, पोलीस ठाण्यावरील हजेरी व सेटलमेंट (बंदिस्त वसाहत) हे त्याचे मार्ग. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. पुढे १९५९ मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. गावात चोरी झाली की वस्तीवर पहिला छापा, ही तक्रार आजही ऐकू येते.

उपजीविका : शिकवलेल्या गाईच्या आडून पुढे सरकत तितर-लावे टिपायचे, बांबूच्या काड्यांना घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास बांधलेले असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली. आज शेतमजुरी, ऊसतोड, शेतराखण.

जातीचा दाखला : बहिष्कृततेची खरी गाठ येथे आहे. फासेपारधी अनुसूचित जमातींत, तर पाल पारधी व राज पारधी विमुक्त जातींत मोडतात. दाखल्यासाठी पहिल्यांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, दुसऱ्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांच्या आजोबांच्या नावे सातबारा नाही, शाळेच्या दाखलखारिजात नाव नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कोठून? नियमांत गृहचौकशीची तरतूद आहे. ती वापरण्यास अधिकारी कचरतात. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आदिवासींसाठीचे शबरी घरकुल नाही.

शिक्षण : पहा – आश्रमशाळा.

पुनर्वसन : यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना (२०११) विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी आहे; अनुसूचित जमातींच्या यादीतील फासेपारधी तिच्या बाहेर राहतात. गिरीश प्रभुणे (पद्मश्री, २०२१) यांच्या कामाचा आरंभीचा टप्पा शिरूर तालुक्यातील निमगाव म्हाळुंगीचा, पुढे ते यमगरवाडीस (ता. तुळजापूर) विस्तारले. शिरूर तालुक्यातीलच कार्यकर्त्या सुनीता भोसले यांचे ‘विंचवाचं तेल’ हे आत्मकथन (शब्दांकन : प्रशांत रूपवते) वस्तीतील बाईच्या नजरेतून लिहिलेले असल्याने विशेष मोलाचे. आहे ती वस्ती नियमित करावी की स्वतंत्र वसाहत वसवावी, यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. पर्यायी जागेचा उतारा हातात दिल्याशिवाय अशा वस्तीवर जेसीबी नेणे अन्यायाचे आहे.