कुलुपातील रोजनिशी

रोज काहीतरी लिहीत जावे, असा उपदेश आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. परंतु मनात येईल ते मोकळेपणाने लिहावयास बसले, की पहिल्या चार ओळींतच कोणी आपल्या खांद्यावरून डोकावून वाचीत आहे, असा भास होऊ लागतो. आणि मग जे कागदावर उतरते ते रोजनिशी नसून अर्ज असतो. हा भास सलग नऊ वर्षे पाच महिने दूर ठेवण्यात ज्याला यश आले, असा एक गृहस्थ सतराव्या शतकात लंडनमध्ये होऊन गेला. त्याचे नाव सॅम्युअल पीप्स.

पीप्स हा एका शिंप्याचा मुलगा. १ जानेवारी १६६० रोजी त्याने वहीला आरंभ केला तेव्हा त्याचे वय सव्वीस होते. त्याच वर्षी दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि पीप्सला आरमार खात्यात मोठी जागा मिळाली. १६६५ चा प्लेग आणि १६६६ चा लंडनचा अग्निप्रलय त्याने डोळ्यांनी पाहिला. इतिहासकार त्याच्या दारी जातात ते याचसाठी. पण आगीच्या धामधुमीत आपण राजाला काय सल्ला दिला, एवढेच सांगून तो थांबत नाही. बागेत खड्डा खणून त्यात मद्य आणि परमेझान चीज पुरून ठेवले, हेही तो तितक्याच अगत्याने नोंदतो. नाटकाला न जाण्याच्या शपथा, त्या मोडण्यासाठी शोधलेल्या पळवाटा, कंत्राटदारांकडून आलेल्या भेटी, परस्त्रियांशी केलेले चाळे, काहीच त्याने वगळले नाही.

हे धैर्य त्याला कोठून आले? याचे एक उत्तर अगदी साधे आहे. त्याची वही टॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलेली होती, आणि अगदी नाजूक प्रसंग आला म्हणजे तो त्यात स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन शब्दांची भेसळ करी. तथापि हे लेखन हात जाईल तसे केलेले नव्हे. तो आधी कच्ची टिपणे काढी आणि सवड सापडताच ती सुवाच्यपणे वहीत उतरी. कधी कधी अनेक दिवसांचा मजकूर एका बैठकीत लिही. १६६८ मधील काही दिवसांची टिपणे तशीच कच्ची राहून वहीत बांधली गेली आहेत, त्यावरून ही रीत उघड दिसते. मोकळेपणा म्हणजे अव्यवस्था, असे ज्यांना वाटते त्यांनी ती पाने अवश्य पाहावीत.

आपल्याकडे पेशवे दप्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत; पण त्यांत रक्कम सापडते, माणूस सापडत नाही. नाना फडणिसांचे आत्मवृत्त मात्र तारुण्यातील कामविकारांविषयी विलक्षण स्पष्ट आहे. ते त्रोटक आहे आणि मागे वळून लिहिलेले आहे, हा फरक अर्थातच राहतो.

१६६९ मध्ये पीप्सला अंधत्वाची धास्ती वाटू लागली. ३१ मे रोजी त्याने वही बंद केली. यापुढे नोकरांकडून साध्या लिपीत लिहवून घ्यावे लागणार, तेव्हा जगाने वाचण्याजोगे असेल तेवढेच त्यात येणार, हे त्याने स्वतःच खेदाने लिहून ठेवले आहे. डोळे पुढे गेले नाहीत; तो १७०३ पर्यंत जगला. पण तसली वही पुन्हा झाली नाही. सहा खंड मात्र त्याने उत्तम बांधून आपल्या सुमारे तीन हजार पुस्तकांच्या संग्रहात ठेवले, आणि तो संग्रह अभंग राहावा अशी व्यवस्था करून केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे जाऊ दिला. ज्याला वाचक नकोच असतो, तो अशी तजवीज करीत नाही. १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षे जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने त्या लिपीशी झुंज घेतली. शेल्टनचे पुस्तक त्याच संग्रहात होते, याची त्या बिचाऱ्याला दाद नव्हती! १८२५ मध्ये पुष्कळ काटछाट होऊन रोजनिशी छापली गेली. काहीही न वगळलेली आवृत्ती निघावयास १९७० ते १९८३ हा काळ उजाडावा लागला.

या वहीतील एक नोंद मला दर वाचनात अडविते. ती ९ जानेवारी १६६३ ची. पीप्सची पत्नी एलिझाबेथ हिनेही काही लिहिले होते. आपले एकाकी आयुष्य आणि त्यातील दुःख, हा त्याचा विषय. तिने ते कागद पेटीतून काढून नवऱ्याला वाचून दाखविले. त्यातील बहुतेक खरे आहे, हे तो कबूल करतो. पण ते सरळ इंग्रजीत होते, कोणाच्याही हाती पडण्याजोगे होते. त्याने ते फाडावयास सांगितले, तिने नाकारले, तेव्हा हिसकावून घेऊन त्याने स्वतः फाडले. रागाच्या भरात आपणच तिला पूर्वी लिहिलेली प्रेमपत्रेही फाडली. ती रडत होती. मग त्याने हे सारे, आपल्या पश्चात्तापासकट, लघुलिपीत लिहून काढले. त्या कागदांचा त्याने दिलेला त्रोटक सारांश तेवढा आज आपल्या हाती आहे.