पाल्लोत्तीनो यांनी बदललेला प्रश्न

आज आपण मास्सिमो पाल्लोत्तीनो या इटालियन विद्वानाकडे वळतो आहोत. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आम्हाला उत्खननातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पाल्लोत्तीनोंचं सगळ्यात मोठं काम कुदळ-फावड्याचं नव्हतंच. दोन हजार वर्षं लोक एक प्रश्न विचारत होते, तो प्रश्नच चुकीचा मांडलाय हे त्यांनी दाखवलं. आणि हा प्रांत थोडाफार आमचाही आहे.

आधी एट्रुस्कन लोक कोण ते पाहू. इटलीत आर्नो आणि टायबर या दोन नद्यांच्या मधला प्रदेश त्यांचा. आजच्या टस्कनी या नावात त्यांचंच नाव उरलंय. रोम लहान होतं तेव्हा यांची शहरं भरभराटीला आलेली होती. रोमच्या जुन्या राजांपैकी टार्क्विन घराणं एट्रुस्कन मुळाचं, असं खुद्द रोमनच सांगत. पुढे रोमने त्यांना गिळलं आणि त्यांची भाषा मेली. दहा हजारांहून अधिक लेख सापडलेत, पण बहुतेक थडग्यांवरचे आणि भांड्यांवरचे : नाव, बापाचं नाव, फार तर वय. लिपी ग्रीकांकडून घेतलेली, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. अर्थ मात्र थोडाच लागतो. ही भाषा लॅटिनच्या किंवा ग्रीकच्या कुळातली नाही.

मग साहजिकच विचारलं गेलं, हे लोक आले कुठून? हेरोडोटस सांगतो की लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या राजाचा मुलगा निम्मी प्रजा घेऊन इटलीला गेला. चार शतकांनंतर हॅलिकार्नाससचा डायोनिसियस म्हणाला, छे! ते तिथलेच. यांची भाषा आणि चालीरीती कुणाशीच जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात तिसरा पक्ष उभा राहिला, ते आल्प्स ओलांडून उत्तरेकडून आले म्हणणारा. झालं! प्रत्येक पंडिताने एकेक गट धरला आणि भांडण चालू राहिलं.

पाल्लोत्तीनो १९०९ साली रोममध्ये जन्मले. त्यांचे गुरू जुलिओ क्विरीनो जिल्योली. व्हेई इथला अपोलोचा प्रसिद्ध मातीचा पुतळा १९१६ मध्ये ज्यांच्या हाती लागला, तेच हे. याच जिल्योलींनी १९३७ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत सम्राट ऑगस्टसच्या गौरवाचं प्रचंड प्रदर्शन भरवलं होतं. पुढच्याच वर्षी इटलीत वंशभेदाचे कायदे आले. अमुक लोक मूळचे कुठले, हा प्रश्न त्या काळात निरागस राहिलेला नव्हता, हे ध्यानात ठेवू या. १९४२ मध्ये पाल्लोत्तीनोंचं ‘एट्रुस्कोलॉजिया’ आलं. तेव्हा ते तेहेतिशीचेही नव्हते, आणि ते पुस्तक त्या विषयाचं पाठ्यपुस्तकच होऊन बसलं. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये एट्रुस्कनांच्या उगमावरचं पुस्तक आलं.

त्यात त्यांचं म्हणणं साधं आहे. फ्रेंच लोक कुठून आले, असं कुणी विचारतं का? गॉल होते, रोमन आले, फ्रँक आले, आणि या सगळ्यांतून फ्रान्सच्याच भूमीवर फ्रेंच घडले. एट्रुस्कनही तसेच घडले, इटलीत. बाहेरून माणसं आली असतील, माल आला असेल, देव आले असतील. पण ‘एट्रुस्कन’ नावाचं तयार गाठोडं जहाजातून उतरलं नाही. म्हणून शोध उगमाचा नको, घडणीचा हवा. जमिनीतला पुरावाही याला धरून होता. टार्क्विनिया, व्हेई, चेर्वेतेरी या शहरांखाली इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासूनची व्हिलानोव्हा संस्कृती मिळते, अस्थिकलश पुरणाऱ्या लोकांची. तिथून एट्रुस्कन शहरांपर्यंतचा धागा कुठे ठळकपणे तुटत नाही.

आम्हाला हा युक्तिवाद आवडतो, पण पुरता पटत नाही. एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावर १८८५ मध्ये एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावरची भाषा एट्रुस्कनची सख्खी नातेवाईक आहे. आता ही तिथे कशी? पाल्लोत्तीनो म्हणत, भूमध्य समुद्राभोवती पूर्वी पसरलेल्या एका जुन्या भाषाथराचे हे दोन उरलेले तुकडे. शक्य आहे. पण समाज घडतो हे सांगितल्याने भाषेचा हिशेब चुकता होत नाही. भाषा कुणाच्या तरी तोंडून यावी लागते.

भाषेच्या बाबतीत मात्र त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी. एट्रुस्कन शब्द घ्यायचा, कुठल्याशा भाषेतला त्याच आवाजाचा शब्द शोधायचा आणि अर्थ जाहीर करायचा, हा उद्योग तेव्हा जोरात होता. (आपल्याकडेही अशी मंडळी कमी नाहीत!) पाल्लोत्तीनोंना ते मान्य नव्हतं. शब्द कुठे, कशावर, कशासोबत येतो ते पाहा, म्हणायचे. त्याला फळ आलं ते १९६४ मध्ये. सान्ता सेव्हेरा गावाजवळ, पिर्जी या जुन्या बंदरात, रोम विद्यापीठातर्फे त्यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन चालू होतं. तिथे गुंडाळी केलेले तीन सोन्याचे पत्रे निघाले. दोन एट्रुस्कन, एक फिनिशियन. काळ इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास. चेर्वेतेरीचा राजा थेफारिये वेलियानास एका देवीला वास्तू अर्पण करतो. एट्रुस्कनमध्ये ती ऊनी, फिनिशियनमध्ये अस्तार्ते. भाषांतर शब्दाला शब्द नाही, त्यामुळे कोडं एका झटक्यात सुटलं नाही. पण फिनिशियन मजकुरात राज्याचं तिसरं वर्ष आहे आणि एट्रुस्कनमध्ये ‘की’ ही संख्या. ‘की’ म्हणजे तीन, हे अभ्यासकांनी आधीच ताडलं होतं, ते पक्कं झालं. एका शब्दाची खात्री! त्या क्षेत्रात ती सोन्याहून मोलाची.

१९८२ मध्ये त्यांना बाल्झान पुरस्कार मिळाला, १९८४ मध्ये इरॅस्मस. १९९५ मध्ये ते रोममध्येच वारले. त्यानंतर २०२१ मध्ये मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एट्रुस्कन लोक जनुकांनी शेजारच्या लॅटिन लोकांसारखेच निघाले. नजीकच्या काळात आशिया मायनरमधून मोठं स्थलांतर झाल्याची खूण मिळाली नाही. म्हणजे डायोनिसियस जिंकला, असं म्हणण्याचा मोह होईल. पण नीट पाहा. दोन शेजारी, रक्त जवळपास एकच, त्यातही गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांचा तोच अंश. सहसा त्या लोकांबरोबर भारोपीय भाषा आल्या असं धरतात. तरी एक शेजारी लॅटिन बोलतो आणि दुसरा लेम्नोसच्या शिळेवरच्या भाषेची बहीण. जनुकांवरून भाषा ठरत नाही हे पाल्लोत्तीनोंच्या बाजूचं झालं. ही भाषा तिथे टिकली कशी, ते त्यांच्या पुस्तकातही सापडत नाही आणि डीएनएतही नाही. पुढच्या वेळी आपण लेम्नोसची शिळाच घेऊन बसू.