जेव्हा माणूस जागा होतो

गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांचे मराठी आत्मकथनपर पुस्तक. प्रथम प्रकाशन १९७०. साहित्य अकादमी पुरस्कार १९७२. विषय : १९४५ ते १९४७ या काळात ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांत झालेला वारली आदिवासींचा लढा. १९६० मध्ये उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला. महाराष्ट्राकडे राहिलेली गावे आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात मोडतात.

लेखिका पुण्याच्या, माहेरच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत्या. पुढे पती शामराव यांच्यासह त्यांनी किसान सभेचे काम हाती घेतले. जानेवारी १९४५ मधील टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले आणि तेथूनच या पट्ट्यातील कामाला सुरुवात झाली. २३ मे १९४५ रोजी झरी गावी जमलेल्या सुमारे पाच हजार वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असे ठरवले.

वेठीचे बारकावे ही या पुस्तकातील सर्वांत मोलाची बाजू. लग्नासाठी सावकाराकडून उचललेल्या थोड्याशा रकमेपायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्याच हाती. या भागातले गवत मुंबईच्या बाजारात जाई आणि त्याच्या कापणीचा दर हा लढ्याचा कळीचा प्रश्न ठरला : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले.

शहरात शिकलेल्या माणसाने खेड्यातल्या दडपलेल्यांविषयी लिहिलेली पुस्तके युरोपातही आहेत. इटालियन लेखक कार्लो लेव्ही यांचे ‘ख्राइस्ट स्टॉप्ड अ‍ॅट एबोली’ झरीच्या परिषदेच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मात्र लेव्हींना फॅसिस्ट राजवटीने खेड्यात हद्दपार केले होते. परुळेकर आपणहून आल्या आणि लढ्यात उतरल्या. म्हणूनच त्यांच्या लेखनात वारली दयेचा विषय होत नाही. आधी धास्तावलेला, मग प्रश्न विचारणारा, मग सभेत उभा राहून बोलणारा माणूस वाचकाला भेटतो. मराठीत इतके जिवंत चळवळकथन विरळा.

मराठीसाठी अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या परुळेकर तिसऱ्या स्त्री. आधीच्या दोघी इरावती कर्वे (१९६८) आणि दुर्गा भागवत (१९७१). १९७० चा पुरस्कार न. र. फाटक यांच्या ‘आदर्श भारतसेवक’ या चरित्राला मिळाला होता. त्याचे नायक गोपाळ कृष्ण गोखले, म्हणजे परुळेकर ज्या भारत सेवक समाजातून पुढे आल्या त्याचे संस्थापक.

‘आदिवासीज रिव्होल्ट’ हा इंग्रजी अनुवाद १९७५ मध्ये कलकत्त्याहून निघाला. तलासरीच्या महाविद्यालयाला लेखिकेचे नाव दिलेले आहे.